माळकऱ्याच्या यकृतात चरबी कुठून आली?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेत लेखनिक आहे. आमचे घराणे वारकरी. विसाव्या वर्षी माळ घातली, तेव्हापासून मद्य-मांसाला स्पर्श नाही आणि आषाढीची पायी वारी सहसा चुकत नाही. संस्थेने सर्व कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी करून घेतली, तेव्हा माझ्या सोनोग्राफीच्या अहवालावर ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ असा शेरा आला. यकृताच्या रक्ततपासणीतले एसजीपीटी ६४, एसजीओटी ४४, प्लेटलेट २ लाख २० हजार, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २४० आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२ आहे. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. पोट थोडे सुटले आहे, पण मला कोणी जाड म्हणणार नाही. अहवाल वाचून मेहुण्यांनी बाजूला घेऊन ‘खरं काय ते सांगा’ असे विचारले, त्याचा फार मनस्ताप झाला. पत्नीने घरातले तूप बंद केले आहे. मी सोमवार, गुरुवार आणि दोन्ही एकादश्यांचे उपवास करतो; त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, भगर-आमटी एवढेच खातो. बाकी व्यसन म्हटले तर कामावरचा पाच-सहा कप चहा. औषधांच्या दुकानातून लिव्हर टॉनिक आणले आहे आणि एका नातेवाइकांनी गुळवेलीचा काढा रोज घ्यायला सांगितला आहे. सिरोसिसविषयी वाचल्यापासून झोप लागत नाही. हा आजार बरा होतो का, त्यावर औषध कोणते आणि सोनोग्राफी पुन्हा कधी करावी?

उत्तर : आपण अहवालातील आकडे नीट उतरवून पाठवलेत, हे फार चांगले केलेत. या विषयावरच्या बहुतेक पत्रांत फक्त ‘ग्रेड वन’ किंवा ‘ग्रेड टू’ एवढेच लिहिलेले असते, आणि संपूर्ण अहवालात सर्वांत कमी माहिती देणारा शेरा नेमका तोच असतो.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर पडद्यावर यकृत आणि उजवे मूत्रपिंड शेजारी शेजारी पाहतात. निरोगी यकृताची छटा मूत्रपिंडाच्या छटेच्या जवळपास असते. चरबी साठली की यकृत अधिक पांढरट दिसू लागते. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा आणि मागचा श्वासपटल जितका पुसट होत जाईल, तितकी ग्रेड वाढत जाते. हा सगळा डोळ्यांनी बांधलेला अंदाज आहे. तोच रुग्ण दुसऱ्या केंद्रात गेला तर ‘टू’चे ‘वन’ होऊ शकते, आणि चरबी अगदी थोडी असेल तर सोनोग्राफीत ती दिसतही नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रेड फक्त चरबीविषयी सांगते. यकृताला इजा झाली आहे की नाही, झाली असल्यास किती, हे ती सांगत नाही. ग्रेड वन, टू, थ्री आणि त्यानंतर सिरोसिस अशी उतरंड लोकांच्या मनात पक्की बसली आहे आणि आपली झोपही तिनेच उडवलेली दिसते. प्रत्यक्षात अशी उतरंड नाही.

सिरोसिसकडे जाणारी वाट वेगळी असते. काही रुग्णांत चरबीबरोबर यकृताच्या पेशींना सूज येते, आणि ती सूज वर्षानुवर्षे टिकली तर तिथे व्रणांचे तंतू तयार होऊ लागतात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानल्या जातात आणि चौथी पायरी म्हणजे सिरोसिस. ज्यांच्या यकृतात केवळ चरबी आहे, त्यांच्यात व्रण वाढलाच तर एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षे लागतात. सूजही असेल तर सरासरी ७ वर्षे. काही जणांत ही गती याहून बरीच अधिक असते, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पण फॅटी लिव्हर असलेल्या बहुसंख्य लोकांना सिरोसिस कधीच होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

तेव्हा आपल्या बाबतीत विचारायचा प्रश्न व्रण आहे का, हा आहे. त्याचा पहिला अंदाज घेण्यासाठी कोणतीही नवी तपासणी लागत नाही. आपल्याच पत्रातले आकडे पुरतात. फिब-फोर नावाचे एक सूत्र जगभर वापरले जाते. वयाला एसजीओटीने गुणायचे, प्लेटलेटचा आकडा हजारांत घेऊन त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे, आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे. आपले ४७ गुणिले ४४ म्हणजे २०६८. प्लेटलेट २२०, आणि ६४ चे वर्गमूळ ८, म्हणून २२० गुणिले ८ म्हणजे १७६०. भागाकार साधारण १.१८ येतो. लेखनिकाला हे गणित जड जाऊ नये. आपण स्वतः करून खात्री करून घ्यावी.

हा आकडा १.३ पेक्षा कमी असेल, तर पुढच्या टप्प्याचा व्रण असण्याची शक्यता कमी मानली जाते. १.३ ते २.६७ यांच्या दरम्यान असेल तर फायब्रोस्कॅन करून घ्यावा, म्हणजे यकृत किती कडक झाले आहे ते मोजता येते. तिथे ८ किलोपास्कलच्या खालचे माप सहसा दिलासा देणारे असते. २.६७ च्या वर असेल तर थेट यकृततज्ज्ञांकडे जावे. पासष्टीच्या पुढच्या व्यक्तींसाठी खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांसाठी हे सूत्र फारसे भरवशाचे नाही. हे सूत्र चाळणीचे काम करते, निदानाचे नाही. तरीही आपण सिरोसिसच्या उंबरठ्यावर नाही, असे म्हणायला हा भागाकार पुरेसा आहे. फायब्रोस्कॅन आज केलाच पाहिजे असे नाही. एचबीएवनसी वाढलेला असल्याने मनाच्या समाधानासाठी एकदा करून घेतलात तर हरकतही नाही. जाण्यापूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये, नाहीतर माप वाढून येते.

आता मेहुण्यांच्या प्रश्नाकडे वळतो. दारू न पिणाऱ्याच्या यकृताकडे संशयाने पाहणारे ते पहिले नव्हेत. डॉक्टरांनीही पुष्कळ काळ तसेच पाहिले आहे. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दारुड्याचाच वाटावा, पण रुग्ण दारू पिणारे नव्हते. त्यांतले बहुतेक जण स्थूल होते आणि अनेकांना मधुमेह होता. या आजाराला स्वतंत्र ओळख तेव्हापासून मिळाली. २०२३ साली तज्ज्ञांनी त्याचे ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ हे नाव बदलून त्यातला दारूचा उल्लेखच काढून टाकला, त्यामुळे पुढच्या एखाद्या अहवालावर ‘मॅसल्ड’ असे लिहून आले तर नवा आजार जडला असे समजू नये. भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराचा समावेश केला, तोही त्याचे नाते दारूशी नसून मधुमेहासारख्या आजारांशी आहे म्हणूनच. मेहुण्यांना एवढे सांगून विषय संपवावा. सिद्ध करत बसू नये. इतर वाचकांसाठी एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो की यकृतात आधीच चरबी असताना ‘थोडीशी चालते’ हा हिशेब करू नये, कारण थोडीशी दारूही व्रणाला हातभार लावते.

दारू नाही, मग चरबी आली कुठून? या प्रश्नाचे उत्तर इन्सुलिनपाशी आहे. आपला एचबीएवनसी ६.२ आहे, ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानतात. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असायला हवे, आपले २४० आहे. हे दोन आकडे आणि यकृतातील चरबी या तीन वेगवेगळ्या तक्रारी नाहीत. स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देईनाशा झाल्या आहेत, याची ती तीन लक्षणे आहेत. आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर कातडीखालची चरबी ही शरीराची मुदत ठेव असते. तिथे जागा असेपर्यंत जादाचे सगळे तिथे जमा होते आणि कोणाला त्रास होत नाही. काहींच्या शरीरात ही जागा जन्मतःच कमी असते. ती लवकर भरते, मग उरलेले पोटाच्या आत आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते.

आपण भारतीय लोक या बाबतीत विशेष कमनशिबी आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘मला कोणी जाड म्हणणार नाही’ हे आपले वाक्य वाचताना मला त्या छायाचित्राची आठवण झाली. आपला निर्देशांक साधारण २६.९ येतो. युरोपीय मापाने हे ‘थोडे जास्त वजन’ ठरले असते. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. कमरेचा घेर आपण कळवलेला नाही. शिवणकामाची टेप घेऊन, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपली मर्यादा आहे. पँटचा नंबर त्यासाठी चालणार नाही, कारण पोट सुटलेली मंडळी पँट पोटाच्या खाली नेसतात.

तूप बंद करण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे, पण रोख चुकला आहे. यकृतातील चरबी म्हणजे खाल्लेली चरबी, असे वाटणे साहजिक आहे. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जरी तो मोजक्याच रुग्णांवर केलेला होता, यकृतातील चरबीचा उगम शोधला गेला. सुमारे ५९ टक्के चरबी शरीराच्या साठ्यातून वाहत आली होती, २६ टक्के यकृताने साखर आणि पिष्टापासून स्वतः तयार केली होती, आणि थेट जेवणातल्या स्निग्ध पदार्थांतून आलेली केवळ १५ टक्के होती. म्हणून वरणभातावरच्या चमचाभर तुपाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून खरे आरोपी मोकळे सोडू नयेत. तूप निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. जादा खाणे संपृक्त चरबीचे असेल तर यकृतातील चरबी अधिक वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. दिवसाला एक-दोन लहान चमचे पुरे. तळण, वनस्पती तूप, खारी, नानकटाई आणि बेकरीतली बिस्किटे यांवर मात्र कडक राहावे.

खरे आरोपी आपल्या पत्रातच सापडतात. पहिला आरोपी चहा आहे. पाच-सहा कप, आणि पतसंस्थांमध्ये बाहेरून येणारा चहा साखर टाकूनच उकळलेला असतो. कपाला दोन लहान चमचे धरले तर आठ ते दहा ग्रॅम साखर, म्हणजे दिवसाला जवळपास ५० ग्रॅम केवळ चहातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी. हा पाच टक्क्यांचा आकडा २५ ग्रॅमच्या आसपास येतो. नेहमीच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृतातच लागते, आणि जास्त झालेल्या फ्रुक्टोजची यकृत चरबी बनवते. साखरेऐवजी गूळ घालून उपयोग नाही. आपल्या भागात गूळ हा अभिमानाचा विषय आहे आणि गुळाच्या चहाच्या टपऱ्या हल्ली जागोजागी निघाल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. पण यकृताला त्यात फरक कळत नाही. उसाचा रस आणि फळांचे डबाबंद रस यांचेही तेच. अख्खे फळ मात्र चालते. चहा दोन कपांवर आणावा, तो बिनसाखरेचा सांगावा. जीभ दोन-तीन आठवड्यांत सरावते. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे व्रण कमी आढळतात असे अनेक पाहण्यांतून दिसले आहे, पण त्यासाठी चहाबाजाने कॉफीबाज होण्याची गरज नाही.

दुसरा आरोपी सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण तो आपल्या श्रद्धेच्या वाटेवर उभा आहे. सोमवार, गुरुवार आणि दोन एकादश्या धरल्या तर महिन्यातले दहा-अकरा दिवस आपले उपवासाचे असतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक पिष्ट असते आणि प्रथिने नावालाही नसतात. त्यात बटाटा, वर साजूक तुपाची किंवा तेलाची फोडणी, चवीला साखर. दुपारी बटाट्याचे वेफर, रात्री पुन्हा भगर. म्हणजे महिन्याचा एक तृतीयांश काळ आपले यकृत साध्या जेवणापेक्षा जास्त पिष्ट पचवत असते. उपवास सोडा असे मी सुचवणार नाही, उलट खरा उपवास केलात तर तो औषधासारखा लागू पडेल. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी, दही, ताक, एखादे फळ, एखादे उकडलेले रताळे. आणि एक वेळ काहीच नाही, हे उत्तम. साबुदाणा आषाढी-कार्तिकीसाठी राखून ठेवला तरी विठोबा रागावणार नाही.

इतर दिवसांच्या ताटाविषयी फार सांगायचे नाही, कारण आपल्याकडचे जुने ताट मुळात चांगलेच होते. त्यातले प्रमाण बिघडले आहे. ज्वारीची भाकरी आहे, पण तीन भाकऱ्यांना वाटीभर उसळ आणि नावापुरती पालेभाजी असे समीकरण असते. ते उलटे करावे : एक भाकरी, मटकी किंवा हरभऱ्याची मोठी वाटी उसळ, तितकीच पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक. शाकाहारी माणसाच्या ताटात प्रथिने सहज कमी पडतात, म्हणून मूग, हरभरा, सोयाबीन, दही, पनीर यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. भात एकाच वेळी आणि वाटीच्या मापाने घ्यावा. रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे. पत्नीने आपल्यासाठी वेगळे शिजवू नये. सगळ्या घराने हेच खावे, कारण इन्सुलिनचा हा दोष घराण्यात वाहतो आणि आपल्या मुलांच्या हाडामांसातही तो असण्याची शक्यता आहे.

आता आजार बरा होतो का, या प्रश्नाचे उत्तर. होतो, आणि त्याचे माप किलोत देता येते. वजन पाच टक्के उतरले की बहुतेकांच्या यकृतातील चरबी कमी होते. सात ते दहा टक्के उतरले तर सूजही ओसरू लागते. आणि दहा टक्क्यांच्या पुढे गेलेल्या अनेक रुग्णांत व्रणसुद्धा मागे हटलेला आढळला आहे. आपल्यासाठी पाच टक्के म्हणजे ३.८ किलो, सात टक्के म्हणजे ५.३ किलो आणि दहा टक्के म्हणजे ७.६ किलो. सहा महिन्यांत साडेपाच किलो हे उद्दिष्ट धरावे, म्हणजे महिन्याला एक किलोही पडत नाही. यापेक्षा फार घाई करू नये. एखाद्या जाहिरातीच्या नादाने महिन्यात आठ-दहा किलो उतरवणाऱ्यांत पित्ताशयात खडे होतात, कधी यकृताची सूज उलट वाढते, आणि गेलेले वजन व्याजासह परत येते.

वारीविषयी आपण लिहिलेत, त्यावरून आपली चालण्याची क्षमता चांगली आहे हे कळते. आळंदी ते पंढरपूर ही जवळपास तीन आठवड्यांची वाटचाल कोणत्याही डॉक्टरला आवडेल अशीच आहे. परंतु उरलेले एकोणपन्नास आठवडे खुर्चीत गेले तर तिचा परिणाम टिकत नाही. व्यायामाने सुधारलेला इन्सुलिनचा प्रतिसाद व्यायाम थांबल्यावर थोड्याच दिवसांत पूर्वपदावर येतो. शिवाय वाटेवर भाविक प्रेमाने वाटतात तो चहा, शिरा आणि बिस्किटे यांचाही हिशेब असतोच. आठवड्याला किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर, बैठका किंवा सूर्यनमस्कार यांसारखे स्नायूंना ताण देणारे काही करावे, कारण रक्तातील साखर उचलण्याचे काम मुख्यतः स्नायूच करतात. वजनकाटा हलला नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातील चरबी कमी होते, हे विशेष लक्षात ठेवावे; काटा अडला म्हणून चालणे सोडणारे पुष्कळ जण पाहिले आहेत. दिवसभराच्या बैठकीत तासाला एकदा उठावे, खातेपुस्तक पोहोचवायला शिपायाला न पाठवता स्वतः जावे.

लिव्हर टॉनिकविषयी माझे मत स्पष्ट आहे : ते बंद करावे. या बाटल्यांनी फॅटी लिव्हर सुधारते असा भक्कम पुरावा नाही, काहींत साखर असते, आणि त्यांचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे औषध चालू आहे या समाधानात माणूस बाकी काही करत नाही. गुळवेलीचा काढा तर अजिबात सुरू करू नये. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताची तीव्र सूज आल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले होते; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद कसाही सुटो, ज्याचा एसजीपीटी आधीच वाढलेला आहे त्याने त्या वादात आपले यकृत पणाला लावू नये. हळदीच्या बाबतीतही तेच. सांगलीच्या हळद बाजाराशेजारी राहणाऱ्याने आमटीत हळद जरूर घालावी, पण मिरीचा अर्क मिसळलेल्या तिच्या कॅप्सूल घेऊ नयेत, कारण त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत.

खरी औषधे आहेत, पण ती कोणासाठी आहेत हे पाहावे लागते. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना या आजारासाठी मान्यता मिळाली. दोन्ही सूज असलेल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा व्रण असलेल्या रुग्णांसाठी आहेत. भारतात सारोग्लिटाझार हे औषध २०२० पासून यासाठी मान्यताप्राप्त आहे. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा उपयोग मधुमेह नसलेल्या आणि यकृताच्या तुकड्यावरून सूज सिद्ध झालेल्या रुग्णांत दिसला, पण त्या मात्रेचे दूरचे धोकेही आहेत, म्हणून ती गोळी दुकानातून आणून खाण्याची नव्हे. आपल्या फिब-फोरवरून पाहता यांतले काहीच आज लागेल असे वाटत नाही. उद्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी सुचवली, तर मात्र ‘यकृताला चालेल का’ या भीतीने टाळू नये. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहे, आणि या आजाराच्या रुग्णांच्या मृत्यूचे पहिले कारण यकृत नसून हृदयविकार आहे. म्हणूनच रक्तदाब आणि पूर्ण लिपिड तपासणी यांकडे ग्रेडपेक्षा जास्त लक्ष द्यावे.

आपल्या डॉक्टरांकडे जाताना आणखी काही गोष्टी विचाराव्यात. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्ततपासण्या एकदा झाल्याच पाहिजेत, कारण फॅटी लिव्हरचा शेरा मिळाला की एसजीपीटी वाढण्याची दुसरी कारणे शोधायचीच राहून जातात. थायरॉइड पाहून घ्यावे. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, अमियोडॅरोन किंवा व्हॅलप्रोएट यांपैकी काही चालू असेल तर सांगावे. रात्री मोठ्याने घोरता का आणि झोपेत श्वास अडखळतो का, हे पत्नीला विचारून जावे; आपली झोप उडण्यामागे सिरोसिसची भीती असेलच, पण घोरण्याचा आजारही यकृताच्या चरबीबरोबर वारंवार आढळतो. डोळे पिवळे होणे, पाय किंवा पोट सुजणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा बोलण्यात असंबद्धता, यांपैकी काही दिसले तर भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आपल्याला तशी वेळ येईल असे आजच्या आकड्यांवरून दिसत नाही.

वजन आणि कमरेचा घेर आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी सकाळी मोजून वहीत लिहावा. एचबीएवनसी आणि ट्रायग्लिसराइड तीन महिन्यांनी, एसजीपीटी-एसजीओटी तीन ते सहा महिन्यांनी पाहावे, आणि फिब-फोरचे गणित वर्षाने पुन्हा मांडावे. सोनोग्राफी वर्षाच्या आत करण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी वेगळ्या कारणासाठी सांगितली तरच करावी, कारण चार किलो उतरलेले असताना कोणी पुन्हा ‘ग्रेड टू’च लिहून दिले तर आपण उगाच खचून जाल.